मोरीपाशी उभं राहून

या मननाला आसन लागत नाही आणि डोळेही मिटायचे नाहीत. जेवणाची वेळ झाली आहे, आत पानं वाढली जात आहेत आणि तुम्ही हात धुवायला उठला आहात, एवढं धरून चाला. मोरी असेल, बेसिन असेल, नाहीतर अंगणातली बादली आणि तिच्याशेजारचा तांब्या असेल. एरवी हे काम आपण दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत उरकतो. आज त्याच कामाचा विचार करू. सावकाश. पाणी अजून सोडू नका.

आधी हात नुसते समोर धरा, तळवे वर करून. स्वच्छ दिसतात ना? तीच अडचण आहे. कणकेचा हात, हळदीचा हात, तेलाचा हात माणूस आपसूक धुतो, त्याला सांगावं लागत नाही. ज्या हातावर काहीच दिसत नाही तो धुवायला मात्र मनाला थोडे श्रम पडतात. तिथे डोळे उपयोगाचे नाहीत, आठवण लागते.

तेव्हा आठवा. सकाळी दाराची कडी काढली. दुधाची पिशवी घेतली. भाजीवालीला नोट दिली, सुटे परत घेतले, तिनेही ते दुसऱ्या कुणाकडून घेतले होते. बसमध्ये वरचा दांडा धरला. जिना उतरताना कठड्यावरून हात सरकत खाली आला. फोन तर हातातच होता, संडासातसुद्धा. नातवाचं नाक पुसलं, धाकटीची शी धुतली. लहान बाळाची शी ती काय, असं आपल्याकडे सहज म्हणतात, पण जुलाबाचे जंतू तिच्यातही असतात, आणि धुणारा हात बरेचदा लगेच दुसऱ्या कामाला लागतो. आता यात आणखी एक गोष्ट मिळवा, जी तुम्हाला आठवणारच नाही. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थी वर्गात बसलेले असताना त्यांचं चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा ते तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होते, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा हात डोळा, नाक किंवा तोंडाला लागत होता. ते डॉक्टर होणारे विद्यार्थी होते. आपलं काय सांगावं?

हे आठवताना किळस येऊ लागली तर थोडं थांबा, श्वास घ्या. किळस इथे फारशी कामाची नाही. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी बादलीत बुडवली, पार्सल दोन दिवस उन्हात ठेवलं. भीती ओसरली आणि तीच माणसं पुन्हा जेवणाआधी बोटांची टोकं तेवढी ओली करू लागली. घाबरून लागलेली सवय भीतीबरोबरच जाते. म्हणून हाताकडे पुन्हा एकदा बघा, पण रागाने नको. तो दिवसभर तुमच्यासाठी राबला आहे, चार ठिकाणी गेला आहे, आणि जिथे गेला तिथलं काहीतरी घेऊन आला आहे. एवढंच.

आता पाणी. दोन्ही हात मनगटापर्यंत ओले करा आणि नळ बंद करा. पाणी ऊन असण्याची गरज नाही. हाताला सोसवेल इतक्या ऊन पाण्याने जंतू मरत नाहीत, आणि गार पाण्याने हात तितकेच स्वच्छ होतात.

साबण घ्या. वडी असो की पातळ साबण, कपडे धुवायच्या साबणाचा उरलेला तुकडा असला तरी चालेल. फेस येईपर्यंत तळव्यावर तळवा चोळा आणि या क्षणी तिथे काय चाललं आहे ते मनाने पाहा. साबणाने जंतू मरतात अशी आपली समजूत असते. बहुतेक मरत नाहीत, सुटून जातात. कातडीवर एक पातळ तेलकट थर असतो, जंतू त्यात रुतून बसतात, आणि नुसतं पाणी त्यावरून अळवावरून गेल्यासारखं निघून जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाकडे ओढलं जातं, दुसरं पाण्याकडे. असे असंख्य रेणू त्या थरात घुसतात, त्याचे बारीक बारीक गोळे करतात आणि पाण्याच्या हवाली करतात. इन्फ्लुएन्झा आणि कोरोना यांच्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं. साबण ते आवरणच फाडतो, मग विषाणू निकामी होतो. उलट्या-जुलाबांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नाही, तो चोळून आणि धुऊनच घालवावा लागतो. पर्समधल्या सॅनिटायझरचा त्याच्यावर तितका इलाज चालत नाही, आणि हात तेलकट किंवा मळलेले असतील तर कशावरच नीट चालत नाही.

वेष्टनावर जंतुनाशक असं छापलेल्या महागड्या साबणाबद्दलही इथेच सांगून टाकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यं अशा साबणांत वापरायला मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत हे बनवणाऱ्यांना दाखवता आलं नव्हतं. साबणाऐवजी पूर्वी वापरत त्या राखेचं म्हणाल तर ती अगदीच टाकाऊ नव्हती, तिने हात घासला जातो आणि तेलकटपणाही थोडा सुटतो. मातीने मात्र धुऊ नका. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

चोळत राहा. डाव्या हाताच्या पाठीवर उजवा तळवा, मग उलट. बोटांत बोटं गुंतवून. घाई होते आहे का? होणारच. वीस सेकंद बोलायला थोडे वाटतात, फेसाळलेल्या हातांनी ते लांबच लांब होतात. घरी जेवणाआधी श्लोक म्हणायची पद्धत असेल तर तो इथे, सावकाश म्हणा. वेळ बरोबर भरते.

एवढ्या वेळात एका माणसाची आठवण काढू. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होतं, आम्हाला तिकडे नका घालू म्हणून त्या विनवण्या करत. इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण हंगेरियन डॉक्टर. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने त्याच्या बोटाला जखम झाली होती, आणि मरताना त्याची लक्षणं बाळंतज्वरासारखी होती. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडत आणि तिथून थेट बाळंतिणींना तपासायला येत. हात साबणाने धूत होते ते, तरी प्रेताचा वास बोटांना राहत होता. सुईणी शवागारात जात नव्हत्या. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. हेच पाणी का? तर त्याने तो वास जात होता. जंतू म्हणजे काय हे त्यालाही माहीत नव्हतं. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शंभरामागे १८ बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं.

आकडे असे बोलके असताना बाकीच्या डॉक्टरांनी त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. तसं झालं नाही. बरेच जण दुखावले, त्याला त्या रुग्णालयातून जावं लागलं, आणि १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्या दुखावलेल्या डॉक्टरांची टिंगल करणं सोपं आहे. आज तसं करू नका, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुम्ही शिकलेले आहात, भल्या घरचे आहात, जीव वाचवणं हा तुमचा व्यवसाय आहे. आणि कुणीतरी येऊन म्हणतो, त्या पोरी तुमच्या हातांनी मेल्या.

हे ऐकवतं का? मला नाही वाटत. आजार आपल्याकडे बाहेरून येतो, हे आपण किती सहज धरून चालतो. तो आपल्याकडूनही बाहेर जातो हे मनाच्या हिशेबात येतच नाही. कुणाची तरी सर्दी मला लागली, असं म्हणणारी माणसं पैशाला पासरी भेटतील. माझी सर्दी कुणाला लागली, असं विचारणारा एक दाखवा. हात धुण्याचा उपदेशही आपण याच बाजूने ऐकतो, स्वतःला जप म्हणून. जरा बाजू बदलून बघा. हे हात मी माझ्यासाठी धुतो आहे, आणि मी ज्याच्या पानात पोळी वाढणार आहे त्याच्यासाठीही. बाळंतिणीच्या खोलीत जाण्याआधी पायावर पाणी घे, हात धू, असं दारातच सांगणाऱ्या आज्ज्यांना ही दुसरी बाजू पक्की ठाऊक होती.

अंगठा राहिला. बहुतेकांचा राहतो. रुग्णालयांतून परिचारिका आणि डॉक्टर हात कसे धुतात याच्या पाहण्या झाल्या आहेत, त्यांत सुटलेल्या जागा त्याच त्या निघतात: अंगठे, बोटांची टोकं, बोटांमधल्या बेचक्या. आता आपण जेवतो कसे ते आठवा. वरणभात कालवतात बोटांची टोकं, घास उचलतात बोटांची टोकं, आणि तोंडाशी नेल्यावर तो आत ढकलतो अंगठा. म्हणजे धुताना जे सुटतं नेमकं तेच तोंडात जातं. डाव्या मुठीत उजवा अंगठा धरा, फिरवा. मग दुसरा. मग बोटांची टोकं तळव्यावर घासा, नखं आत जातील अशी. नखं वाढली असतील तर आज रात्री कापा, दिवेलागणीनंतर कापू नयेत म्हणत असतील तर उद्या सकाळी.

आता नळ सोडा आणि फेस जाऊ द्या. पाणी कुठे जातं आहे ते पाहत राहा. जाळीतून खाली, पन्हाळीतून गटारात, गटारातून नाल्यात, आणि पुढे कुठेतरी कुणाच्या तरी पाण्यात. इथे आपण जरा जास्त वेळ थांबू.

ज्यांचं बालपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दुष्काळी गावांत गेलं त्यांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं जंताचं टोक बाहेर यायचं. हा जंत मीटरभरापर्यंत लांब असे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आठवडेच्या आठवडे, कारण घाईने तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. हा जंत यायचा कुठून? पायऱ्यांच्या विहिरीतून. नारू झालेला माणूस पाण्याला म्हणून पायऱ्या उतरायचा, आग होणारा पाय गार पाण्यात ठेवायचा. पाणी लागताच जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडायचा. डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लोप्स नावाचे पाणकीटक ती पिल्लं खायचे, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात सगळं उतरायचं. साधारण वर्षाने त्याच्या पायाला फोड.

या साखळीतल्या त्या पहिल्या माणसाकडे बघा. त्याने काय वाईट केलं? पाय पोळत होता, पाण्यात बुडवला. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पायातून निघणारा जंत आणि आपला हा क्षणभराचा गारवा यांचा संबंध त्याला कसा दिसावा? मधे एक अख्खं वर्ष होतं. आपल्या न धुतलेल्या हाताचं तसंच आहे, फक्त मधलं अंतर एका-दोन दिवसांचं.

नारूवर लस नव्हती, आजही नाही. जंत मारणारं औषधही नाही. तरीही तो गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा वरून पाणी शेंदायच्या केल्या, हातपंप बसवले, पाण्यात कीटक मारणारं औषध टाकलं, नारू झालेल्याला पाण्यात पाय घालू दिला नाही, आणि घरोघरी घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने हे गावोगाव केलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. पाणी गाळायचं ते फडकं बांधणाऱ्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पाणी वाहतंच आहे. हात अजून त्याखाली असतील तर आणखी एका पाणवठ्याकडे मन न्या. महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली. तळं सार्वजनिक होतं, गुरंढोरं त्यावर येत, फक्त अस्पृश्य ठरवलेल्या या माणसांनी शिवायचं नव्हतं. पुढे सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. १०८ घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र त्यात ओतून. ज्या पाण्यावर शहर तहान भागवत होतं त्यात शेण, आणि तेही शुद्धीसाठी. खटला चालला, आणि तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ उजाडलं.

हे इथे कशाला, असं वाटेल. मला ते इथेच हवं आहे. स्वच्छतेवर बोलताना आपल्या समाजाची जीभ फार लवकर सोवळ्याकडे वळते. आमच्यात पूर्वीपासून होतंच हे सगळं, असं म्हटलं जातं. काही होतं, जरूर होतं. बाहेरून आल्यावर हातपाय धुणं होतं, खरकट्याचा हात वेगळा ठेवणं होतं, माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घेणं होतं. पण त्याच घरांत कामाला येणाऱ्या बाईची कपबशी खिडकीत वेगळी असायची, काही ठिकाणी अजून असते. सोवळं विचारतं, हात कुणाचा आहे. साबणाला तो प्रश्न पडत नाही, हात कुठून आला एवढंच त्याला पुरतं. तुमच्या घरची कपबशी आठवून पाहा. उत्तर मला देऊ नका.

आणि ज्यांच्याकडे पाणीच नाही त्यांचं काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. डोक्यावर घागर घेऊन मैलभर चालून आलेल्या बाईला दिवसातून दहादा हात धू सांगणारा पोस्टर मला जरा निर्दय वाटतो. गिल्बर्ट व्हाइट, डेव्हिड ब्रॅडली आणि अ‍ॅन व्हाइट यांनी पूर्व आफ्रिकेतल्या घरगुती पाणीवापराचा अभ्यास १९७२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घाणेरडं पाणी पिऊन होणारे आजार वेगळे, आणि धुवायला पुरेसं पाणी नाही म्हणून होणारे आजार वेगळे. खरूज, खुपऱ्या, हातावाटे पसरणारे जुलाब यांच्या बाबतीत पाणी किती मिळतं यालाच मोठं मोल आहे. म्हणून तुटीच्या घरात निवड करावी लागते, आणि ती करता येते. दहा वेळा जमत नसेल तर दोन वेळा सोडू नका: संडासाहून आल्यावर किंवा बाळाचं धुतल्यावर, आणि अन्नाला हात लावण्याआधी. साबण लावून चोळताना पाणी लागत नाही, ते फक्त आधी थोडं आणि शेवटी थोडं लागतं. एकाने वरून बारीक धार धरली तर तांब्याभर पाण्यात दोघांचे हात निघतात. साबणाने हात धुण्याच्या सवयीवर अनेक देशांत चाचण्या झाल्या आहेत. त्या एकत्र पाहिल्या तर जुलाबाच्या खेपांपैकी सुमारे ३० टक्के खेपा टळतात. एवढ्या स्वस्तात हे करणारी दुसरी वस्तू घरात शोधून सापडणार नाही.

नळ बंद करा. नळाची तोटी मघाशी मळक्या हातानेच उघडली होती, तेव्हा तिच्यावरही दोन थेंब पाणी आणि थोडा फेस गेला असेल तर बरं.

हात झटका आणि पुसा. हे काही उरलंसुरलं काम नव्हे. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज दुसरीकडे जातात, त्यामुळे धुऊन तसाच ओला हात घेऊन पानावर बसणं म्हणजे निम्मं काम सोडणं. आता पुसायचं कशाला? पदराला, पँटला, की त्या खिळ्याला टांगलेल्या टॉवेलला, जो सकाळपासून सगळं घर वापरत आहे? २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. शाळांमधून लाल डोळ्यांची पोरं घरी पाठवली जात होती. तेव्हाही लोक काळे चष्मे लावून फिरत होते, आपल्या डोळ्यांत बघितलं तर समोरच्याला लागेल म्हणून. नजरेने डोळे येत नाहीत. चोळलेल्या डोळ्याचा हात, तो हात पुसलेला रुमाल, एकाच उशीचा अभ्रा आणि सगळ्यांचा मिळून एक टॉवेल, यांनी येतात.

तेव्हा जेवायला बसण्याआधी एवढं बघा. तो टॉवेल हाताला ओलसर लागतो का? नाकाशी नेऊन पाहा, कुबट येतो का? येत असेल तर काढून धुण्यात टाका. पाहुणे आले की कपाटातून घडीचा नॅपकिन काढतोच आपण, आज घरच्यांसाठी काढा.